प्रेअरी सायकलने ओलांडायची आहे: कॅन्ससमधून की मोंटानातून?

अमेरिका सायकलवर आडवी ओलांडायची तर मधला मोकळा, गवताळ पट्टा चुकत नाही. ठरवायचं असतं ते एवढंच, की तो कुठून पार करायचा. ट्रान्सअमेरिका ट्रेल हा १९७६ पासूनचा मार्ग कॅन्ससमधून जातो. नॉर्दर्न टिअर हा दुसरा मार्ग त्याच्या उत्तरेने, मोंटाना आणि नॉर्थ डकोटामधून. मी दोन्ही पट्टे सायकलने पार केलेत. पहिल्यांदाच निघणाऱ्याला कॅन्सस सांगेन, पण जूनमध्ये आणि पूर्वेकडून पश्चिमेला.

कारण गावं. के-९६ रस्त्यावर नेस सिटी, डायटन, स्कॉट सिटी, लिओटी, ट्रिब्यून ही गावं ३५ ते ५० किलोमीटरवर एकेक येतात. गावाआधी धान्याचं पांढरं उंच कोठार दिसतं, आणि तास होत आला तरी ते जवळ येत नाही. पण पोचलात की पाणी आहे, सावली आहे. बऱ्याच गावांत पोलिसांना आधी कळवलं की बागेत तंबू टाकू देतात, कुठे कुठे तरणतलावावर अंघोळही होते. तंबू ठोकण्याआधी हिरवळीत पाण्याचे फवारे पुरलेत का ते हाताने चाचपून बघा. एका गावात रात्री दोनला ते सुरू झाले आणि माझी पुढची सकाळ स्लीपिंग बॅग वाळवण्यात गेली.

मोंटानात यूएस-२ रस्ता रेल्वेच्या कडेकडेने जातो, तिथेही शेल्बी, माल्टा, ग्लासगो अशी गावं आहेत. शिवाय अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीची एम्पायर बिल्डर गाडी याच मार्गाने धावते, त्यामुळे अगदीच अडलं तर सुटकेची वाट आहे. सायकल कुठल्या स्टेशनवर चढवू देतात ते मात्र निघण्याआधी विचारून ठेवा. खरी कसोटी वुल्फ पॉइंटनंतर. तिथून सर्कल या गावापर्यंत सुमारे ८५ किलोमीटर, मध्ये व्हिडासारखं चिमुकलं गाव. पाच-सहा लिटर पाणी बरोबर हवंच. एकटेपणा सोसत असेल तर यासारखा रस्ता नाही. मिल्क नदीच्या खोऱ्यात डास मात्र जीव नकोसा करतात.

चढ-उताराची भीती दोन्हीकडे बाळगू नका, वाऱ्याची बाळगा. उत्तरेच्या मार्गावर पूर्वेकडे जाताना मोंटानात वारा बहुधा पाठीशी असतो. डकोटात तो फिरून समोरही येतो. कॅन्ससमध्ये उन्हाळ्यात वारा दक्षिणेचा, म्हणजे पश्चिमेला जाताना दिवसभर डाव्या कुशीवर. त्याला तोल देत आपण नकळत डावीकडे कललेले असतो. शेजारून ट्रक गेला की क्षणभर वारा तुटतो आणि सायकल ट्रककडेच ओढली जाते, ट्रक सरला की पुन्हा धक्का बसतो. हँडल खालून घट्ट धरा, खांदे सैल ठेवा. जूनमध्ये गव्हाची कापणी असते, त्यामुळे धान्याचे ट्रकही भरपूर. म्हणून पहाटे साडेचारला निघावं. वारा पडलेला असतो, ऊनही नसतं. दहापर्यंत निम्म्याहून अधिक अंतर मागे पडतं.

मग जूनच का? जुलैत पारा ३८ अंशांच्या वर जातो आणि रस्त्याला झाड नाही. ट्रेलच्या पश्चिम टोकाहून, म्हणजे ओरेगनहून जूनमध्ये निघणारे नेमके त्याच भट्टीत सापडतात. पूर्व टोकाहून, म्हणजे व्हर्जिनियाहून मेच्या सुरुवातीला निघालात तर जूनच्या मध्याला कॅन्ससमध्ये असाल. जून हा वादळांचाही महिना आहे. दुपारी पश्चिमेला ढग उभे राहिले की पुढचं गाव गाठायचा हट्ट धरू नका, आहात तिथे पक्कं छप्पर शोधा. सुट्टी जुलै-ऑगस्टमध्येच मिळत असेल तर मात्र सरळ उत्तरेचा मार्ग घ्या.

टायरचं एक सांगायचं राहिलं. पश्चिम कॅन्सस आणि पूर्व कोलोरॅडोत रस्त्याकडेला ज्याला गोटहेड म्हणतात तो आपला सराटाच, माळावर चपलेत घुसतो तोच. एका थांब्यात दोन्ही चाकं पंक्चर होतात. डांबर सोडून खाली उतरायचं असेल तर सायकल ढकलू नका, उचलून न्या.