ग्लॉक 19 अन् 19 सी, दोन्ही पिस्तुलं चालवून पाहिली. नळीवरच्या भोकांनी झटका कमी होते का?

आमच्या नागपूरच्या नेमबाजी क्लबात ग्लॉक कोणाकडंच नाही, असणार तरी कुठून, 9 एमएमचं पिस्तूल आपल्याकडं साध्या माणसाला मिळतच नाही. पण वाद मात्र रोज चालू राहते. मित्र म्हणे पोर्टेड बॅरलनं, म्हणजे भोकं पाडलेल्या नळीनं, झटका अर्धा होते, मी म्हणे काहीच होत नाही, तर्री पोह्याची पैज लागली. यंदा टेक्सासला चुलतभावाकडं गेलो तर त्याच्याकडं साधी 19 पण अन् चिरा पाडलेली 19 सी पण, मग काय, एकाच दुपारी एकाच डब्यातल्या गोळ्या आलटून पालटून मारल्या.

तर भाऊ, तळहातावर बसणारा धक्का जवळपास तोच. नुसत्या धक्क्यावरून कोणती कोणती ते मला सांगता आलं नसतं. फरक आहे तो उसळीत, म्हणजे गोळी सुटताना नळीचं तोंड वर उडते त्यात. चिरा नळीच्या वर आहेत, गॅस वर सुटते अन् नळीचं तोंड खाली दाबते, म्हणून फ्रंट साइट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, लवकर जागेवर येते. पटापट दोन गोळ्या मारल्या तेव्हा हे चांगलंच कळलं, एकेक नेम धरून मारताना घंटा काही नाही.

हिशोबच तसा आहे ना, झटका येते गोळी अन् गॅस दोन्हीमुळं. 115 ग्रेनची गोळी म्हणजे साडेसात ग्रॅम, अन् पावडर अर्धा ग्रॅमही नाही. गोळीचा धक्का भोकं कमी करूच शकत नाहीत, गॅसच्या वाट्यातलाच थोडासा वळवतात. .44 मॅग्नमसारख्या दणकट काडतुसात पावडरच दीड ग्रॅमच्या आसपास जाते, तिथं भोकांना काम मिळते.

त्रास पण आहे. आवाज जास्त, फ्रंट साइट काजळीनं काळी, संध्याकाळी डोळ्यासमोरच भडका. अन् छातीजवळ धरून तर मारूच नका, गरम गॅस सरळ तोंडावर येते.

माझ्या एअर पिस्तुलालाही भोकं आहेत, पण छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटर, त्यात झटका तो किती! तिथं भोकं मुख्य म्हणजे छऱ्यामागची हवा आधीच सोडून द्यायला, नाहीतर बाहेर पडता पडता छर्रा हलते.

मुद्दाम जास्तीचे पैसे देऊन 19 सी मी तरी घेणार नाही. परत आल्यावर हे सगळं क्लबात सांगितलं, तर मित्र म्हणे उसळी कमी झाली ना, मग मीच जिंकलो. मी म्हटलं धक्का तोच आहे बे. शेवटी पोह्याचे पैसे मीच दिले.