आईचे दोन गुडघे आणि एक टॅबलेट: आठ महिन्यांनंतर

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला ठरलं तेव्हा हा दहा इंची, 64 जीबीचा टॅबलेट घेतला. चार महिन्यांनी डावा गुडघा झाला. एकच वस्तू दोन मुक्कामांत वापरून झाली. पहिल्या खेपेला मी तो भरला होता निव्वळ माझ्या आवडीने, तेव्हा चूक माझीच.

ॲपमधून नऊ सिनेमे उतरवले होते. त्यातला एक आईने निघायच्या आदल्या रात्री अर्धा बघितला. ऑपरेशननंतर जरा तरतरी आल्यावर उरलेला लावला, तर 'मुदत संपली, इंटरनेटला जोडा'. काही सिनेमे एकदा सुरू केले की 48 तासच चालतात, हे मला तिथे कळलं. खोलीत रेंज नाही, लिफ्टपाशी जेमतेम एक काडी. टॅबलेट उंच धरून उभा होतो, तर लिफ्टमनने विचारलं, "कितवा मजला?"

तसंही सिनेमा बघवत नव्हताच. औषधांची गुंगी, मधूनमधून कोणीतरी बीपी बघायला हजर. डाव्या हाताला सलाईन. अर्ध्या किलोचा टॅबलेट एका हाताने किती वेळ धरणार? कुशीवर वळली की चित्रही वळायचं. ऑटो रोटेट आधीच बंद करून ठेवा.

दुसऱ्या खेपेला मेमरी कार्डावर आपल्याच फाईली घातल्या आणि त्या चालवायला व्हीएलसी हे ॲप टाकलं. फुकट आहे, नेट लागत नाही. नाट्यगीतं, कीर्तनं आणि मामेभावाच्या लग्नाचा व्हिडिओ. तो सात जीबीचा, कार्डावर जाईचना. जागा भरपूर होती, पण जुनी 32 जीबीची कार्डं फॅट32 नावाच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात, त्यांवर 4 जीबीहून मोठी एक फाईल बसत नाही. चित्राचा दर्जा 720 पर्यंत उतरवून व्हिडिओ लहान करून घेतला. दहा इंचावर आम्हाला तरी फरक दिसला नाही.

आणि चाललं काय, तर तेच लग्न! रोज. कोण कुठे बसलंय, कोणाची साडी कोणती, पंगतीत कोण रुसलं होतं. मध्येच झोप लागली तरी काही बिघडत नाही. गोष्ट सगळी पाठच. रात्री मात्र स्क्रीन बंद ठेवून कीर्तन. ब्लूटूथची बोंडं दोनदा कॉटखाली गेली, म्हणून वायरचे इअरफोन आणले. दुपारी शेजारच्या आजी म्हणाल्या, "काढ गं ते कानातलं, आम्हालाही ऐकू दे की."

विमान मोडवर बॅटरी दिवसभर पुरली. निघण्याआधी घरीच तो मोड लावून एकेक फाईल उघडून बघितली होती, तो अर्धा तास सार्थकी लागला. तक्रार एकच, चार्जरची वायर आखूड. प्लग कॉटच्या डोक्यामागे, त्यातला एक सलाईनच्या पंपाने अडवलेला. शेवटी पॉवर बँक उशाखाली.

पत्त्यांचा खेळही टाकला होता, तो तिने उघडलासुद्धा नाही. आता घरी तिला दुसऱ्या भाच्याचं लग्न हवंय, पण त्याची सीडी आहे आणि घरात सीडी लावायला काहीच उरलेलं नाही.