खिशातला गायगर काउंटर: लोणारच्या काठावर घेतलेली परीक्षा

पुण्यातल्या तपकीर गल्लीत घेतलेला हा छोटा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र, मी मुख्यतः लोणार सरोवराच्या परिसरात वापरला. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्यामुळे दगड, माती किंवा पाण्याचा नमुना न उचलता जागेवरच नोंद घेता येणे, हा या यंत्राचा मोठा गुण वाटला.

आकडा मात्र घाईने वाचू नये. किरणोत्सर्गाची स्पंदने अनियमित अंतराने येत असल्याने शंभर स्पंदने मोजली तरी सुमारे १० टक्के अनिश्चितता उरते, आणि नैसर्गिक पातळीवर एवढी स्पंदने जमायला यंत्रातल्या किरणोत्सर्ग टिपणाऱ्या लहान नळीला काही मिनिटे लागतात. पडदा मात्र दर काही सेकंदांनी नवा आकडा दाखवून उगाच धास्ती घालतो. लोणारचा खडक बेसाल्ट आहे आणि त्यात युरेनियम, थोरियम व पोटॅशियम हे किरणोत्सर्ग देणारे घटक ग्रॅनाइटपेक्षा कमी असतात, म्हणून सरोवराकाठच्या नोंदी घरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावरच्या नोंदींपेक्षा कमी आल्या, हे अपेक्षितच होते.

हवेतला रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू किंवा पाण्यात विरघळलेले किरणोत्सर्गी घटक मोजण्याचे हे साधन नव्हे, तरी खोक्यावर ‘पाणी तपासा’ असे छापले आहे, ते चुकीचे आहे. बॅटरी उत्तम टिकते. अंशशोधनाचे (यंत्राचे आकडे प्रमाणित मापाशी ताडून पाहिल्याचे) प्रमाणपत्र मात्र सोबत मिळत नाही. अधिकृत अहवालासाठी नोंदी हव्या असतील, तर हे यंत्र घेऊ नये.