‘कोड तुमचाच’ या आश्वासनावर दोन वर्षांचे पैसे भरले, त्याची हकिगत

म्हापशात आमचा चौघांचा छोटा व्यवसाय असून किनारपट्टीवरील लहान हॉटेलांसाठी आम्ही आरक्षणाचे आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार करतो. गेल्या पावसाळ्यात, काम मंद असताना, कमी कोड लिहून ॲप बनवून देणारा एक नवा प्लॅटफॉर्म घ्यावा की नाही, हे ठरवायचे होते. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण प्रकरण वकिलांकडे आहे.

आमची मुख्य शंका एकच होती: उद्या प्लॅटफॉर्म बंद पडला किंवा महागला, तर केलेले काम आपल्या हाती राहील का? फेसबुकने जानेवारी २०१६ मध्ये ‘पार्स’ ही ॲपना तयार सर्व्हर पुरवणारी सेवा बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा वर्षभराची मुदत दिली आणि सर्व्हरचा कोडही खुला केला. एवढे सौजन्य प्रत्येक जण दाखवेल, असे कोणी सांगावे? पणजीत पाटो येथे झालेल्या बैठकीत मी हे थेट विचारले. प्रतिनिधीने एक नमुना ॲप उघडून ‘एक्स्पोर्ट’चे, म्हणजे ॲप प्लॅटफॉर्मबाहेर काढून घेण्याचे, बटण दाबले आणि मिळालेला कोड, इंटरनेट बंद करून, स्वतःच्या लॅपटॉपवर माझ्यादेखत चालवून दाखवला. आगाऊ रकमेवरची सवलत चवथीपूर्वी संपणार होती. चाचणीच्या मोफत खात्यात मात्र ते बटण नव्हते, आणि ‘ते सशुल्क योजनेत मिळते’ हे उत्तर आम्ही निमूटपणे मान्य करून पैसे भरले.

हंगाम तोंडावर आल्यावर आमचे पहिले ॲप एक्स्पोर्ट केले, तेव्हा हाती लागली एक जेसन फाईल, म्हणजे माहिती साठवणारी नुसती मजकुराची फाईल. कोणत्या पानावर कोणते बटण आहे, एवढेच वर्णन तिच्यात होते आणि त्यांच्या इंजिनाशिवाय ती कुठेही चालत नव्हती. बैठकीतला नमुना आमच्या खात्यात होताच, म्हणून तोही एक्स्पोर्ट करून पाहिला. त्यातूनही तशीच फाईल निघाली. म्हणजे त्या दिवशी चाललेला कोड हाताने लिहून लॅपटॉपवर आधीच ठेवलेला होता.

ग्राहक आयोगाकडे जावे म्हटले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार व्यापारी प्रयोजनासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, असे वकिलांनी सांगितले. करार पुन्हा वाचला, तेव्हा लवादाचे ठिकाण परराज्यात असल्याचे आढळले आणि प्रात्यक्षिकात किंवा तोंडी दिलेले कोणतेही आश्वासन कराराचा भाग नाही, असे कलमही सापडले. ते मी सही करण्यापूर्वी वाचले होते. केवळ नेहमीचा मजकूर समजून पुढे गेलो. म्हणून अशा निर्णयापुढे उभ्या असलेल्यांना सांगतो, की पैसे देण्यापूर्वी स्वतः बनवलेले ॲप एक्स्पोर्ट करून स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहावे आणि तो हक्क करारात लिहून घ्यावा.

नोंदी सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाईलमध्ये, उतरवता आल्या, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. ॲप मात्र पहिल्यापासून लिहावे लागत आहे, आणि तोवर त्या हॉटेलांची आरक्षणे वहीत नोंदवली जात आहेत.