गिटमध्ये फाइली हलवणं: आठ महिन्यांनंतर

देवगडात आमच्या हापूसच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम मी आणि भाचा मिळून सांभाळतो. दिवाळीपर्यंत कोड सबव्हर्जनमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात होता, मग जुन्या इतिहासासकट गिट या तशाच दुसऱ्या साधनावर आणला. आता पाऊस लागलाय, बागेत काम नाही, म्हणून लिहितोय.

जानेवारीत बिलाची फाइल नव्या फोल्डरमध्ये हलवली आणि त्याच कमिटमध्ये (एकदम जतन केलेल्या बदलांत) आतला बराच कोड नव्याने लिहिला. दोन दिवसांनी भाच्याचा फोन : "मामानु, आदली हिस्ट्री खंय गेली?"

मी तर ‘गिट एमव्ही’ वापरलं होतं! पण गिट नावबदलाची नोंद ठेवतच नाही. तो प्रत्येक कमिटला सगळ्या फाइली कशा होत्या तेवढं साठवतो. लॉग (बदलांची यादी) किंवा डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) मागितला की गेलेली फाइल आणि आलेली फाइल ताडून बघतो. निदान 50 टक्के साम्य असेल तर नाव बदललं असं मानतो. ‘गिट एमव्ही’ म्हणजे फाइल हलवून ‘अॅड’ करण्याचा शॉर्टकट, बस. सबव्हर्जनमध्ये ‘मूव्ह’ची नोंद कायमची राहते, त्यामुळे ही सवय अंगवळणी पडायला वेळ लागला. आता हलवायचं कमिट वेगळं आणि दुरुस्तीचं वेगळं. शिवाय एका फाइलचा लॉग बघताना ‘--फॉलो’ द्यायचं, नाहीतर तो नव्या नावापाशीच थांबतो.

मर्जवर, म्हणजे दोघांचं काम एकत्र करण्यावर, मात्र मी खूश आहे. मी अख्खं फोल्डर हलवलं, भाचा त्याच्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) जुन्याच जागी काम करत होता. त्याचे बदल नव्या जागी आपसूक बसले. त्याने जुन्या फोल्डरात टाकलेली नवी फाइलसुद्धा नव्या फोल्डरात आली, फक्त ‘बघून घे’ म्हणून कन्फ्लिक्ट (बदल जुळत नसल्याचा इशारा) दाखवला. 2018 च्या 2.18 आवृत्तीपासूनची ही सोय. सबव्हर्जनमध्ये फाइली हलवल्या की येणाऱ्या ट्री कन्फ्लिक्टनी माझे किती रविवार खाल्लेत!

एकदा फसलो. विंडोजवर फाइलच्या नावातलं पहिलं रोमन अक्षर कॅपिटलचं स्मॉल केलं. विंडोजला दोन्ही सारखीच, त्यामुळे गिटला बदल दिसलाच नाही. सर्व्हर लिनक्सचा, तिथे जुनंच नाव, आणि ऐन अक्षय्य तृतीयेच्या गर्दीत बिलं निघेनात. अशा वेळी ‘गिट एमव्ही’च लागतं.

जानेवारीतल्या फाइलचा माग शेवटी लागला, ‘--फॉलो’सोबत ‘-एम30%’ देऊन साम्याची अट 30 टक्क्यांवर आणल्यावर. साम्य 38 टक्के निघालं.