परीक्षण : स्टॉकफिश, बुद्धिबळाचे विनामूल्य इंजिन

स्टॉकफिश हे बुद्धिबळाचे इंजिन, म्हणजे चाली शोधणारी संगणकाची आज्ञावली, आज जगातील कोणत्याही खेळाडूपेक्षा बलवान आहे आणि ते कोणालाही फुकट मिळते. २००८ साली टोर्ड रोमस्टाड, मार्को कोस्टाल्बा आणि योना कीस्की यांच्या हातून आकाराला आलेल्या या प्रकल्पाची आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे. स्वयंसेवक तिच्यात सुधारणा सुचवतात आणि स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक सुधारणा, इतरांनी देऊ केलेल्या संगणकांवर हजारो डाव खेळवून, पारखली जाते. मी हे इंजिन स्वतःचे डाव तपासण्यासाठी आणि मुलांना शिकवताना नेहमी वापरते.

स्टॉकफिशला स्वतःचा पट नाही. नुसते उतरवून घेतले तर समोर फक्त अक्षरे आणि आकडे येतात, म्हणून नवख्या माणसाने लीचेस या संकेतस्थळावरील विश्लेषणाच्या पटावर ते सुरू करावे. तिथे पैसे लागत नाहीत आणि जाहिरातीही नाहीत. पटाशेजारी एक आकडा दिसतो. तो शून्य असेल तर डाव समसमान, अधिक असेल तर पांढरा वरचढ आणि उणे असेल तर काळा. एकाच वेळी तीन पर्यायी चाली दाखवण्याची सोय आवर्जून चालू करावी, कारण पहिल्या आणि तिसऱ्या चालीत नगण्य फरक असेल तर आपली चाल 'चुकली' असे म्हणण्यात अर्थ नसतो.

ताकदीबद्दल वाद उरलेला नाही. १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लूने तत्कालीन जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला ३.५-२.५ असे हरवले, तेव्हा त्यासाठी खास बनवलेल्या चिप्स बसवलेला, सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारा महासंगणक लागला होता. २००६ मध्ये बॉन येथे तत्कालीन जगज्जेता व्लादिमीर क्रॅमनिक बाजारात मिळणाऱ्या डीप फ्रिट्झ या आज्ञावलीकडून ४-२ असा हरला, आणि त्या सामन्यातील दुसऱ्या डावात तर त्याला एका चालीतली मात दिसली नाही. आज आपल्या खिशातल्या फोनवर चालणारे स्टॉकफिश त्या दोन्ही यंत्रांना सहज हरवेल.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या आतला बदल. पूर्वी या इंजिनात माणसांनी लिहिलेले नियम होते: दुहेरी प्यादे (एकाच उभ्या पट्टीत एकामागे एक) किती वाईट, उघड्या म्हणजे प्यादी नसलेल्या पट्टीवरचा हत्ती किती चांगला, राजासमोरची प्यादी हलली तर किती धोका. म्हणजे खेळाडूंनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले शहाणपण त्यात आकड्यांच्या रूपाने उतरवलेले होते. २०२० मध्ये शोगी या जपानी खेळासाठी यू नासू यांनी शोधलेले छोटे, वेगवान न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून स्वतः शिकणारी गणनपद्धती) स्टॉकफिशमध्ये आले, इंजिनाच्या ताकदीने मोठी झेप घेतली आणि २०२४ च्या १६.१ या आवृत्तीतून हाताने लिहिलेले ते मूल्यमापन पूर्णपणे काढून टाकण्यात आले. आता त्याचा निवाडा ज्या लाखो आकड्यांतून येतो, ते वाचून त्यामागचे कारण कोणालाही सांगता येत नाही.

स्टॉकफिशची खरी उणीव इथेच आहे. ते निकाल देते, कारण देत नाही. आणि ती स्थिती माणसाला खेळायला किती अवघड आहे हे तर त्याला मुळीच कळत नाही. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला भारताचा गुकेश आणि तत्कालीन जगज्जेता डिंग लिरेन यांच्यात झालेला जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चौदावा डाव इंजिन लावून पुन्हा पाहावा. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट होता, आणि इंजिनाच्या हिशेबी डाव बरोबरीचा होता. पंचावन्नाव्या चालीला डिंग लिरेनने हत्ती एफ२ या घरावर नेला. गुकेशने हत्तींची मारामारी (अदलाबदल) केली, उंट डी५ वर आणून उंटांचीही मारामारी करायला लावली, आणि उरलेला दोन प्याद्यांविरुद्ध एका प्याद्याचा शेवट गुकेशसाठी सरळ जिंकणारा होता. आकडा पाहणाऱ्याला ही केवळ घोडचूक दिसते. पण बरोबरीच्या स्थितीत तासन्‌तास नेटाने दाब ठेवत प्रतिस्पर्ध्याला पुनःपुन्हा अचूक चाल शोधायला लावणे हे गुकेशचे कर्तृत्व होते, आणि त्या आकड्यात त्याची नोंद कुठेच नाही.

याच गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी सुरुवातीची कित्येक वर्षे इंजिनापासून दूर ठेवले होते, ही गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगते. मुलाने डाव संपल्यावर आधी वहीत लिहावे: कुठे वेळ गेला, कोणती चाल कशाच्या भीतीने टाळली, प्रतिस्पर्ध्याचा बेत काय वाटला. मगच इंजिन सुरू करावे. उलटे केले की "इंजिन म्हणते घोडा एफ५" एवढेच मुलाला सांगता येते. त्यावर काळ्याने प्यादे पुढे केले तर काय, असे विचारले की मूल गप्प होते.

तरीही हे साधन मला मोलाचे वाटते. पूर्वी तयारीसाठी युगोस्लाव्हियातून निघणाऱ्या चेस इन्फॉर्मंट या निवडक डावांच्या नियतकालिकाच्या अंकांची वाट पाहावी लागे आणि मोठ्या मार्गदर्शकाशिवाय डावाचे परीक्षण अर्धवट राही. आता नागपूर असो वा सांगली, मॉस्कोच्या मुलाला मिळते तेच इंजिन आपल्या मुलांना मिळते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला. तिची पिढी याच साधनांसोबत वाढली आहे. यंत्र वरचढ ठरल्याने बुद्धिबळ संपेल ही भीती खरी ठरली नाही, कारण माणसे अजूनही माणसांविरुद्धच खेळतात आणि पाहणाऱ्यांनाही तेच पाहायचे असते.

किंमत मात्र विश्वासाने मोजावी लागते. इंजिनाची चोरून मदत घेता येते, म्हणून स्पर्धेच्या सभागृहात फोन बाहेर ठेवावे लागतात, मोठ्या स्पर्धांत खेळाडूंची झडती होते, आणि घरबसल्या खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत लहान मुलगा उत्तम खेळला तरी त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. म्हणून रोख बक्षिसांच्या ऑनलाइन स्पर्धांत माझ्या विद्यार्थ्यांना मी सध्या उतरवत नाही.