बायोकेमिस्ट्रीची कार्यशाळा: काही महिने बेंचवर काम केल्यावर

गेल्या पावसाळ्यात नाशिकमध्ये क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीच्या लॅब तंत्रांची कार्यशाळा केली. तेव्हा लगेच लिहिलं नाही. अशा ठिकाणाहून बाहेर पडताना सगळंच छान वाटतं. सकाळच्या सॅम्पलच्या गर्दीत त्यातलं किती टिकतं हे नंतरच कळतं. आता हिवाळा जाऊन उन्हाळा लागलाय. मी पंचवटीतल्या एका लहान लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्याकडे एक सेमी-ऑटो (निम्मं काम हाताने करावं लागणारं तपासणीचं मशीन), सोडियम-पोटॅशियम मोजणारा एक इलेक्ट्रोलाइट अ‍ॅनलायझर आणि पेठ, दिंडोरीकडून येणारी बरीच सॅम्पल्स असतात. आमच्यासारख्या लॅबला या कार्यशाळेचा उपयोग होतो का, एवढंच सांगते.

होतो, आणि सगळ्यात जास्त उपयोग सॅम्पल मशीनवर लागायच्या आधीच्या भागाचा होतो. पेशींना ग्लुकोज खाण्यापासून रोखणारी फ्लोराइड ट्यूब शुगरसाठी वापरायची हे डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) सगळेच शिकतात. पण प्लेन, म्हणजे असं काही न घातलेल्या ट्यूबमधलं रक्त स्पिन न करता (यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न करता) तसंच राहिलं तर पेशी ग्लुकोज खात राहतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के शुगर उतरते, हे तिथे एकाच रक्ताच्या दोन ट्यूब ठेवून दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा मोजायला लावलं. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमधलं थोडं रक्त प्लेनमध्ये ओतून दाखवलं: पोटॅशियम एकदम वर, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज खाली. असा रिपोर्ट समोर आला की संशय कशाचा घ्यायचा, हे आता सांगावं लागत नाही.

जानेवारीतली एक गोष्ट सांगते. पेठकडच्या सेंटरवरून आलेल्या एका आजोबांचं पोटॅशियम ६.३, म्हणजे काळजी वाटावी इतकं जास्त आलं. सीरम (पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा पिवळसर द्रव) स्वच्छ होतं, पेशी फुटल्याची लालसर झाक अजिबात नाही. सॅम्पल आणणारा दादा म्हणाला, “ताई, बर्फात ठेवून आणलंय, खराब कसं होईल?” नेमकं तिथेच पाणी मुरत होतं. रक्त वेगळं न करता गार ठेवलं की पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप मंदावतो आणि पेशी न फुटताही पोटॅशियम हळूहळू बाहेर येतं. म्हणून सीरमच्या रंगावरून काहीच कळत नाही. आम्ही रिपोर्ट थांबवला, नवीन सॅम्पल मागवून लगेच स्पिन केलं, तर ४.४. हा धडा कार्यशाळेत जेमतेम पंधरा मिनिटांचा होता. पण ६.३ चा आकडा तसाच गेला असता तर डॉक्टरांनी आजोबांना त्याचे उपचार सुरू केले असते. त्यानंतर आमच्या लॅबच्या सरांनी त्या सेंटरवर छोटं सेंट्रिफ्यूज (स्पिन करायचं यंत्र) बसवून दिलं. आता तिथून सीरम वेगळं होऊनच येतं.

पिपेटचं (द्रव अगदी नेमका मोजून घ्यायच्या साधनाचं) सत्र मला फार आवडलं. १०० मायक्रोलिटर पाणी म्हणजे जवळपास ०.१ ग्रॅम, ते पुन्हा पुन्हा तराजूवर टाकून प्रत्येकाचा फरक मोजायचा. टिप आधी एकदा ओली करणं, पिपेट उभं धरणं, अंगठा सावकाश सोडणं, एवढ्यानेच आकडे जवळ येताना दिसले. सीरमसारख्या दाट द्रवासाठी रिव्हर्स पिपेटिंगही (जरा जास्त ओढून घेऊन ठरलेलाच भाग सोडणं) करून घेतलं. आमच्याकडे आता पिपेटची अशी तपासणी ठरावीक काळाने होते.

दुसरा मोठा फायदा क्यूसीचा, म्हणजे किंमत आधीच माहीत असलेलं सॅम्पल (कंट्रोल) लावून मशीन बरोबर मोजतंय का ते बघण्याचा. कंट्रोलचे रोजचे आकडे मांडायचा लेव्ही-जेनिंग्ज चार्ट १९५० सालचा, तो वाचायचे वेस्टगार्डचे नियम १९८१ चे, पण लहान लॅबमध्ये अजूनही कंट्रोल दोन एसडीच्या (सरासरीपासून ठरावीक अंतराच्या) आत आला की काम झालं असं मानतात. आम्ही तिथून आल्यावर चार्ट हाताने काढायला लागलो. डिसेंबरच्या थंडीत एसजीपीटीचा (लिव्हरच्या तपासणीतल्या एका एन्झाइमचा) कंट्रोल रोज दोन एसडीच्या आतच होता, पण सलग दहा दिवस सरासरीच्या खालीच. सलग दहा आकडे एकाच बाजूला आले तर थांबायचं, या नियमाप्रमाणे थांबलो. एसजीओटी हे दुसरं एन्झाइमही तसंच खाली, ग्लुकोज मात्र जागेवर. तिथे शिकवलेलं आठवलं: एन्झाइमच्या कायनेटिक टेस्ट (ज्यात रिअ‍ॅक्शनचा वेग मोजतात) तापमानाला लगेच प्रतिसाद देतात, ग्लुकोजसारख्या एंडपॉइंट टेस्टला (ज्यात रिअ‍ॅक्शन संपल्यावर मोजतात) पूर्ण वेळ मिळाला तर तेवढा फरक पडत नाही. इंजिनिअरला बोलावलं. फ्लो सेलचं (मशीनमधल्या मोजणीच्या जागेचं) तापमान ३७ अंशांपर्यंत पोचतच नव्हतं. नुसता त्या दिवसाचा आकडा बघितला असता तर हे कधी सापडलं असतं कोण जाणे.

एचबीएवनसीचं (हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची शुगर सांगणाऱ्या टेस्टचं) व्याख्यान छोटं होतं, पण आपल्या जिल्ह्यासाठी महत्त्वाचं. पेठ, सुरगाण्याकडच्या आदिवासी भागात सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आढळतो. ज्या रुग्णाला पूर्ण सिकलसेल आजार आहे त्याच्या शरीरात नेहमीचं हिमोग्लोबिन ए नसतंच, आणि लाल पेशीही लवकर मरतात. त्याचा एचबीएवनसी बघून शुगर ताब्यात आहे म्हणणं धोक्याचं. एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या मशीनच्या) ग्राफमध्ये वेगळा पीक (उंचवटा) दिसला की नुसता टक्का छापू नका, डॉक्टरांना फोन करा, असं शिकवणाऱ्या मॅडमनी बजावून सांगितलं. हे प्रत्येक लॅबमध्ये लिहून लावायला हवं.

आता उणीव. एका दिवसाची अख्खी दुपार एका कंपनीच्या मोठ्या ऑटो अ‍ॅनलायझरच्या डेमोत गेली. ते मशीन आमच्यातल्या बहुतेकांकडे येणार नाही. त्या वेळेत कायनेटिक टेस्ट प्रत्येकाच्या हातून करून घेता आल्या असत्या. ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात एनएडीएच (रिअ‍ॅक्शनमध्ये वापरला जाणारा, मोजता येणारा पदार्थ) कसं घटत जातं, एन्झाइम फार वाढलेल्या कावीळच्या सॅम्पलमध्ये सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) संपून व्हॅल्यू खोटीच कमी कशी येते, डायल्यूशन (सॅम्पल पातळ करणं) केव्हा करायचं, हे सगळं फळ्यावर उरकलं. किडनीसाठी बघतात त्या क्रिएटिनिनच्या जॅफे पद्धतीचंही (रंग मोजून करायच्या टेस्टचंही) तेच. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) जास्त असलं की क्रिएटिनिन खोटं कमी येऊ शकतं, हे प्रत्यक्ष बघायला मिळायला हवं होतं. शिवाय एका पिपेटमागे इतके जण होते की मागच्या बाकावरच्या मुलींना हात लावायला फारसं मिळालंच नाही. फी सगळ्यांनी सारखीच भरली होती, हे मला खटकलं.

जाणार असाल तर नाव नोंदवण्याआधी एका बाकावर किती जण असतील ते विचारा. सोबत आपल्या लॅबचा महिनाभराचा कंट्रोलचा डेटा न्या. तिथे सरावासाठी तयार आकडे देतात, पण मी आमचे आकडे नेले होते, आणि चहाच्या सुट्टीत मॅडमनी त्यावर जे समजावलं ते व्याख्यानापेक्षा जास्त कामाला आलं. बाहेरच्या तुलनेसाठी वेल्लोरच्या सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) च्या ईक्यूएएसमध्ये, म्हणजे सगळ्या लॅबना एकच सॅम्पल पाठवून निकाल ताडून बघायच्या योजनेत भाग घ्या, हा सल्लाही तिथेच मिळाला. आमची नोंदणी झाली आहे. पुढच्या बॅचला आमच्याकडची नवीन मुलगी जाणार आहे. तिला पहिल्याच रांगेत बसायला सांगितलंय.